एकाच माणसाचे दोन अहवाल

इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वर्षभर चालणारं एक प्रशिक्षण मी नुकतंच पूर्ण केलं. त्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण आजवरच्या प्रशिक्षणांपैकी हे एकच माझ्या वर्गापर्यंत येऊन पोचलं. बाकीची सभागृहातच संपली. एका ठिकाणी तर कृतियुक्त अध्यापनावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाषणं झाली आणि आम्हाला एकही कृती करायला मिळाली नाही. शिक्षकांचा वेळ असा जातो याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या दिवशी तिकडे शाळेत आमचे तास बुडालेले असतात.

इथे साधनव्यक्ती म्हणून आलेल्या बाईंनी ओळखपाळख उरकली आणि प्रत्येक गटाला दोन कागद दिले. विषय आमच्यापैकी कुणाच्याच रोजच्या शिकवण्यातला नव्हता. १९ एप्रिल १७७५, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात, मॅसॅच्युसेट्समधलं लेक्सिंग्टन, एका बाजूला ब्रिटिश सैन्य आणि दुसऱ्या बाजूला हत्यारं घेऊन जमलेले गावकरी. पहिली गोळी कुणी झाडली? एका कागदात गावकऱ्यांनी काही दिवसांनी शपथेवर दिलेली जबानी होती: आमची पाठ सैन्याकडे असताना त्यांनी गोळीबार केला. दुसऱ्या कागदात एका ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी: आम्ही जवळ जाताच त्यांच्याकडून एक-दोन गोळ्या आल्या, मग आमचे शिपाई हुकुमाची वाट न बघता त्यांच्यावर धावून गेले.

बाईंची सूचना एवढीच होती, की वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि शेजाऱ्याने ते जसंच्या तसं टिपून घ्यायचं. सुरुवातीला सगळे अवघडले. मग हळूहळू आवाज चढले. अर्ध्या तासाने टिपणं भिंतीवर लावली तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. काहींच्या टिपणात पहिलंच वाक्य होतं, ‘थांबा, आधी हे लिहिलंय कुणी ते बघू.’ काहींच्या टिपणात लेखकाचं नाव शेवटपर्यंत आलंच नव्हतं. दोन्ही प्रकारचे शिक्षक अनुभवी होते, विषयात पदवी घेतलेले होते.

त्यानंतर बाईंनी सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकाचं काम सांगितलं. त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच लेक्सिंग्टनचे कागद काही इतिहासकारांना आणि काही हुशार शाळकरी मुलांना दिले होते आणि असंच मोठ्याने बोलत वाचायला लावलं होतं. इतिहासकार मजकुराला हात घालण्याआधी कागद कुणाचा आणि केव्हाचा हे बघत. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जात, लेखकाचं नाव त्यांच्यासाठी तळाची आणखी एक ओळ असे. त्यातले काही इतिहासकार दुसऱ्याच काळाचे अभ्यासक होते आणि त्या युद्धाची पाठ्यपुस्तकी माहिती काही मुलांना त्यांच्यापेक्षा जास्त होती. तरीही कागदातून अर्थ काढण्यात इतिहासकार कितीतरी पुढे होते. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. माहिती वाढवत नेली की समज आपोआप येईल, याच भरवशावर आपण अभ्यासक्रम पुढे ढकलत असतो. राजवाड्यांनी अस्सल कागदांसाठी आयुष्य वेचलं हे आपण मुलांना सांगतो, पण कागद मुलांच्या हातात देत नाही.

दुपारच्या सत्रात दोन छायाचित्रं होती. रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकाराने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात काढलेली, एकाच जागेवरून, ओसाड दरीतल्या रस्त्याची. एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे आणि गोळे फक्त कडेच्या चरात आहेत. आधीचं कुठलं? फेंटनने चित्र भयानक दिसावं म्हणून गोळे रस्त्यावर आणून टाकले, की सैनिकांनी ते नंतर उचलले? आमच्या गटात यावर चांगलीच खडाजंगी झाली आणि बाईंनी ती होऊ दिली. मग त्यांनी उतारावरचे बारके दगड दाखवले. गोळे रस्त्यावर असलेल्या चित्रात ते दगड थोडे खाली सरकलेले दिसतात. पायाखाली आलेला दगड उतारावरून खाली घरंगळतो, वर चढत नाही. म्हणजे मोकळ्या रस्त्याचं चित्र आधीचं. गोळे कुणी हलवले आणि कशासाठी, हे त्या दगडांवरून ठरत नाही, आणि बाईंनी तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. पुरावा कुठवर नेतो आणि कुठे थांबतो हे एकाच चित्रात दिसलं. कुणाच्या अधिकाराने नव्हे, पुन्हा नीट बघण्याने वाद मिटतो, हे मी शिक्षक म्हणून इतक्या लख्खपणे पहिल्यांदाच अनुभवलं.

उद्बोधनाचा हा भाग इथे संपला. खरं काम पुढे होतं.

आम्हाला चौघाचौघांच्या गटात एक पाठ तयार करायचा होता. पद्धत जपानी शाळांमधली, जुग्यो केन्क्यू. तिथे ती शंभरहून अधिक वर्षं रुळलेली आहे. पाठाचं टाचण, म्हणजे आराखडा, सगळ्यांनी मिळून काढायचं, एकाने आपल्या वर्गात शिकवायचं, बाकीच्यांनी निरीक्षण करायचं, मग बसून चर्चा, टाचणात बदल आणि दुसऱ्याने दुसऱ्या वर्गात पुन्हा शिकवायचं. नियम एकच आणि कडक: निरीक्षण मुलांचं करायचं, शिक्षकाचं नाही. माझ्या आजवरच्या सगळ्या पाठनिरीक्षणांत फळालेखन, आवाज, शैक्षणिक साधनं यांचे रकाने भरले जायचे. एखाद्या बाकावरची मुलं त्या तासात नेमका काय विचार करत होती, असा रकाना त्यात कधी नसायचा.

आम्ही विषय घेतला जालियनवाला बाग. पहिल्या टाचणातला मध्यवर्ती प्रश्न होता, ‘हत्याकांड कसं घडलं?’ गटात भूगोलाचे एक सर होते. ते म्हणाले, “मॅडम, याचं उत्तर पुस्तकात आहेच. मग मुलं कागद कशाला वाचतील?” या एका प्रश्नाने आमचं टाचण उभं-आडवं बदललं. पुस्तकात ज्याचं तयार उत्तर नाही आणि कागद वाचल्याशिवाय जे सुचणार नाही, असं काहीतरी विचारायला हवं होतं. बरीच शोधाशोध करून आम्ही जनरल डायरच्या दोन अहवालांपाशी आलो.

पहिला १४ एप्रिल १९१९ चा, म्हणजे गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात डायर वरिष्ठांना कळवतो, की माझं सैन्य थोडं होतं, कचरलो असतो तर जमाव चालून आला असता, म्हणून मी ताबडतोब गोळीबार केला. १,६५० फैरी झाडल्या, दोनशे ते तीनशे माणसं मेली असावीत. दुसरा अहवाल त्याच वर्षीच्या २५ ऑगस्टचा. त्यात तो लिहितो, की प्रश्न केवळ जमाव पांगवण्याचा राहिलाच नव्हता, साऱ्या पंजाबवर जरब बसेल असा परिणाम साधायचा होता, आणि हाताशी जास्त सैन्य असतं तर बळीही त्या प्रमाणात जास्त पडले असते. माणूस तोच, घटना तीच, मधे चार महिने. आमचा नवा प्रश्न तयार झाला: डायरने गोळीबार का केला, आणि त्याने सांगितलेलं कारण बदललं का?

मग मूळ मजकूर मुलांना झेपेल असा कसा करायचा यावर आमचं जोरदार भांडण झालं. मी वापरतेय तो शब्द बरोबर आहे, भांडणच. एका मॅडमचं म्हणणं, की अस्सल कागदाला कात्री लावली तर तो अस्सल राहिलाच कुठे? माझं मत वेगळं होतं आणि आहे. नववीच्या मुलापुढे चार पानांचा लष्करी अहवाल ठेवला तर वाचणारी दोन-तीन मुलं वाचतील आणि बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघत बसतील. कागद वाचण्याचा हक्क सगळ्या वर्गाला द्यायचा असेल तर तो छोटा करावाच लागतो. शेवटी बाईंनी वाट दाखवली: उतारा शंभर-सव्वाशे शब्दांचा करा, अवघड शब्दांचे अर्थ समासात द्या, अर्थ बदलेल अशी काटछाट करू नका, मूळ मजकूर संपूर्ण स्वरूपात वर्गात टेबलावर ठेवा आणि उतारा सोपा केलाय हे मुलांना उघड सांगा. शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. वर्गातल्या दोन मुलांनी पुढे मूळ मजकूर मागून घेतलाही.

पहिला पाठ आमच्यातल्या एका मॅडमनी त्यांच्या वर्गात घेतला. माझ्या वाट्याला खिडकीजवळचा एक बाक आला होता, एक मुलगी आणि दोन मुलं. पहिला उतारा वाचून एक मुलगा म्हणाला, “घाबरला होता तो.” दुसरा उतारा वाचायला सुरुवात झाली. मुलगी मधेच थांबली. “यात घाबरल्याचं काहीच नाही.” तिने पहिला कागद पुन्हा ओढून घेतला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने दोन्ही तारखांना गोल केला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. दुसरा मुलगा सावकाश म्हणाला, “इथे म्हणतो सैन्य कमी होतं म्हणून मारलं. इथे म्हणतो सैन्य जास्त असतं तर अजून मारले असते. मग कमी सैन्य हे कारण कसं?” पहिला मुलगा अजून आपल्या मुद्द्यावर होता, “दुसऱ्या दिवशी त्याला माहीत नसेल वरचे काय म्हणतील. नंतर कळलं असेल की कुणी काही करत नाही, म्हणून खरं लिहिलं.” मुलगी म्हणाली, “किंवा नंतर शहाणपणा मिरवला.”

ही तिघं जे करत होती ते इतिहासकाराचं काम होतं. मी ते शब्दन् शब्द टिपून घेतलं. ती वही माझ्याकडे आहे आणि ते पान मी सहकाऱ्यांना आवर्जून दाखवते.

नंतरच्या चर्चेत सगळ्यांची टिपणं एकत्र ठेवली. तीन बाकांवर मुलांनी दोन्ही उतारे वेगवेगळ्या माणसांचे समजून वाचले होते, कारण नाव तळाशी बारीक अक्षरात होतं. वर्गाच्या मागे उभं राहून हे कुणालाही कळलं नसतं. आम्ही नाव, तारीख आणि कुणाला लिहिलं, हे तीन मुद्दे उताऱ्याच्या वर चौकटीत आणले. मृतांच्या आकड्यांचा भाग त्याच तासात कोंबला होता, तो वेगळ्या तासाला काढला.

तो तास मी माझ्या वर्गात घेतला. फळ्यावर तीन आकडे लिहिले. डायरचा दुसऱ्या दिवशीचा अंदाज, दोनशे ते तीनशे. सरकारी आकडा ३७९. आणि गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी, मुकुंदराव जयकर ज्या काँग्रेस समितीवर होते तिने ग्राह्य धरलेला आकडा, सुमारे हजार. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, सगळेच आपापल्या सोयीचं सांगतात. मग इतिहास म्हणजे ज्याला जे वाटेल ते का?”

अशा मूळ कागदांवर, म्हणजे इतिहासाच्या साधनांवर आधारलेल्या अध्यापनातली सगळ्यात अवघड जागा हीच. मुलांना शंका घ्यायला शिकवणं त्या मानाने सोपं. शंकेनंतर पुढे कसं जायचं हे शिकवलं नाही, तर सगळेच खोटे आहेत असं म्हणणारी मुलं आपणच घडवू. याचा सराव बाईंनी आमच्याकडून आधी करून घेतला होता. मी वर्गाला विचारलं, कशाबद्दल कुणाचंच दुमत नाही? मुलांनी यादी केली: १,६५० फैरी हा आकडा खुद्द डायरचाच आहे. आधी इशारा दिला नाही हे त्याने सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे, हंटर समितीपुढे, स्वतः कबूल केलं. वाट अरुंद होती हेही त्याच्याच अहवालात आहे, चिलखती गाड्या आत नेता आल्या नाहीत म्हणून तो ते सांगतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच तोंडून आलेला पुरावा किती भक्कम असतो, हे वर्गाला इथे समजलं.

मग ३७९ हा आकडा आला कसा याकडे वळलो. गोळीबारानंतर काही महिन्यांनी अधिकाऱ्यांनी लोकांना आवाहन केलं, की आपल्या माणसांची नावं येऊन सांगा. मधल्या काळात लष्करी कायदा लागू झाला होता, धरपकड झाली होती. मी विचारलं, अशा वेळी नाव सांगायला कोण जाईल? एका मुलीने उत्तर दिलं, “नाव सांगितलं की आपलं माणूस सभेला होतं हे कबूल केल्यासारखं. भीती वाटणारे गप्प बसले असतील.” दुसरा म्हणाला, “आणि जो बाहेरगावचा असेल, त्याचं नाव सांगायला कोण येणार?” वर्गाने फळ्यावर लिहून घेतलं: ३७९ हा कमीत कमी आकडा. ज्याला जे वाटेल ते, असं कुणी पुन्हा म्हणालं नाही. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातला तो एक उत्तम तास होता असं मी मानते.

मुलांचं लेखन तपासण्याचं सत्र मात्र सगळ्यांना जड गेलं. एकच उत्तर आम्ही सगळ्यांनी वेगवेगळं तपासलं आणि गुणांत मोठा फरक पडला. एका मुलाने धगधगीत भाषेत डायरचा धिक्कार केला होता, पण दोन्ही अहवालांचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्याने कोरड्या, चुकतमाकत भाषेत दोन तारखा आणि दोन कारणं मांडून निष्कर्ष काढला होता. पहिल्याला भरभरून गुण मिळाले, दुसऱ्याला बेताचे. बोलता बोलता निकष ठरले: विधान स्पष्ट आहे का, त्याला साधनातला पुरावा आहे का, साधन कुणाचं आणि केव्हाचं याचा विचार दिसतो का. मुलांना चीड यावी, हा प्रसंग वाचून यायलाच हवी. पण ती पुराव्यावर उभी असेल तर टिकेल, आणि गुण त्या उभारणीला द्यायचे.

नागरिकशास्त्रासाठी डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी विकसित केलेली चर्चापद्धत करून पाहिली. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. एक जोडी एक बाजू मांडते, दुसरीने ती स्वतःच्या शब्दांत अशी सांगायची, की पहिल्या जोडीने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणावं. मग बाजू बदलायच्या आणि शेवटी बाजू सोडून चौघांचं मत काय ते लिहायचं. विषय होता, मतदान सक्तीचं असावं का? ऑस्ट्रेलियात १९२४ मध्ये केंद्रीय निवडणुकांसाठी तो कायदा झाला. १९२२ मध्ये मतदान साठ टक्क्यांच्या आत होतं, १९२५ मध्ये नव्वदच्या वर गेलं. हा आकडा हातात असल्याने वाद हवेत राहिला नाही. वादविवाद स्पर्धेत समोरच्याचं ऐकायची गरज नसते, इथे ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्या विषयाला याची फार गरज आहे.

हे सगळं टिकलं कशामुळे? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात मांडलं होतं, की भाषण आणि प्रात्यक्षिक एवढ्याने वर्गातलं शिकवणं फारसं बदलत नाही, परतल्यावर सोबत कुणीतरी असावं लागतं. आम्हाला ती सोबत मिळाली. बाई फोनवर असत, टाचण वाचून प्रश्न विचारत, तयार उत्तर देत नसत. मुख्याध्यापकांनी माझे आणि गटातल्या माझ्याच शाळेतल्या मॅडमचे ऑफ तास एकाच वेळी येतील असं वेळापत्रक लावून दिलं, आणि कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ती मदत मोठी होती. अभ्यासक्रम पुरा करायचा ताण आहेच. प्रत्येक पाठ असा घेता येत नाही, घ्यायचीही गरज नाही. मी एका घटकाला एक प्रश्न असं धोरण ठेवलंय आणि तेवढं निभतं.

प्रशिक्षण संपलं तरी आमचा गट भेटतो. पुढचा पाठ भूगोलाच्या सरांचा आहे, मर्केटरने १५६९ मध्ये केलेल्या जगाच्या नकाशावर. त्या पद्धतीने काढलेल्या आजच्या नकाशांत ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. सरांचं म्हणणं, मुलांना थेट विचारायचं, हा नकाशा खोटा आहे का? माझं म्हणणं, त्याआधी नकाशा खलाशांसाठी होता हे त्यांना नकाशाच्या शीर्षकावरूनच शोधू द्यावं, नाहीतर ती लगेच हो म्हणून मोकळी होतील. शनिवारी बसू तेव्हा ठरेल.